‘ख्रिस्तपुराणा’तील बायबलप्रणीत परिभाषा आणि कॅथलिक धर्मसंघांचा इतिहास : एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयेतिहासात सामान्यतः एकाच कारणासाठी स्मरणात राहिले आहे. ते कारण म्हणजे ग्रंथारंभी आलेली मराठी भाषेची स्तुती. पाठ्यपुस्तके, वाङ्मयेतिहास आणि मराठी भाषादिनाची भाषणे यांतून ही स्तुती इतक्या वेळा उद्धृत झाली आहे की, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे जणू त्या चार-पाच ओव्याच असा समज व्हावा. परकीय धर्मोपदेशकाने मराठीचा गौरव केला, याचा आनंद स्वाभाविक आहे. परंतु त्या आनंदामुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. बायबलमधील संकल्पनांसाठी स्टीफन्स यांनी कोणते शब्द मराठीतून घेतले, कोणते पोर्तुगीज-लॅटिनमधून जसेच्या तसे ठेवले आणि ही निवड कोणत्या तत्त्वावर झाली, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार येशूसंघाच्या, म्हणजेच जेज्विट धर्मसंघाच्या, इतिहासाच्या संदर्भात केला आहे. परिभाषेची निवड ही केवळ कवीच्या अभिरुचीची बाब नसते. ज्या संस्थेच्या वतीने कवी लिहितो, तिला कोठे मोकळीक आहे आणि कोठे बंधन आहे, याची ती नोंद असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. धर्मसंघाची पार्श्वभूमी

इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या येशूसंघास पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४० मध्ये मिळाली. अवघ्या दोन वर्षांत, मे १५४२ मध्ये, संघाचे आद्य सदस्य फ्रान्सिस झेवियर गोव्यात दाखल झाले. फ्रान्सिस्कन संघाचे कार्य तेथे त्यापूर्वीच सुरू झाले होते, तर डॉमिनिकन १५४८ मध्ये आणि ऑगस्टिनियन १५७२ मध्ये आले. एका छोट्या प्रदेशात अनेक धर्मसंघ एकत्र आल्यामुळे क्षेत्रांची वाटणी आवश्यक ठरली. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे, तर साष्टी जेज्विटांकडे गेले. येथे गोव्यातील साष्टी अभिप्रेत आहे, मुंबईजवळचे नव्हे. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयाशी असलेल्या संबंधामुळे जेज्विटांना हिंदुस्थानात ‘पॉलिस्ट’ या नावानेही ओळखले जाई.

जेज्विटांचे साष्टीतील कार्य १५६० मध्ये सुरू झाले. गोव्यात धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापनाही त्याच वर्षी झाली, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साष्टीत धर्मप्रसारास विरोधही तीव्र होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रोदोल्फो अक्वाविवा यांच्यासह पाच जेज्विट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून अंत्यविधीसाठी आणण्याच्या कामी स्टीफन्स यांचा सहभाग होता.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत असताना त्यांनी रोम गाठले आणि १५७५ मध्ये येशूसंघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात पोहोचले. पुढील चार दशके, १६१९ मधील मृत्यूपर्यंत, त्यांचे वास्तव्य मुख्यतः साष्टीतच होते. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. कोकणीतील त्यांची ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, अशी दोन्ही पुस्तके मरणोत्तर प्रसिद्ध झाली.

येथे दोन बाबी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की, १६०६ च्या गोवा प्रांतीय धर्मपरिषदेने लोकांची भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये, असे ठरविले होते. म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ ज्या दशकात सिद्ध झाले, त्या दशकात देशी भाषेचा अभ्यास ही केवळ वैयक्तिक आवड राहिली नव्हती. ती अधिकृत अपेक्षा होती. दुसरी बाब अशी की, १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी लिपीत छपाई करण्याचा विषय मांडला होता. अक्षरे अवयवयुक्त असल्याने साच्यांची संख्या सहाशेच्या घरात जाईल, याचीही त्यांना जाणीव होती. प्रत्यक्षात पुस्तक रोमन लिपीतच निघाले. भाषा देशी आणि लिपी परकी, ही तडजोड ग्रंथाच्या बाह्यरूपात आहे. तिचेच प्रतिबिंब अंतरंगातील परिभाषेत दिसते.

३. परिभाषेची दोन दालने

‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराची कथा सांगते, तर ‘दुसरे पुराण’ येशूचरित्र सांगते. अध्यायांस ‘अवस्वरु’ अशी संज्ञा असून त्यांची संख्या पहिल्या भागात ३६, तर दुसऱ्यात ५९ आहे. ओवीछंद, आरंभीचे नमन, श्रोता-वक्ता संवाद आणि फलश्रुतीची जाणीव ही सर्व मराठी पुराणपरंपरेची सामग्री आहे. ही सामग्री जेज्विटांच्या हाती कशी आली, याचा पुरावा उपलब्ध आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची मराठी-कोकणी हस्तलिखिते रोमन लिपीत जतन झाली असून, त्यांकडे अ. का. प्रियोळकर यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. एकीकडे देशी पुराणे नवख्रिस्ती समाजाला निषिद्ध ठरत होती आणि दुसरीकडे तीच पुराणे भाषाभ्यासासाठी उतरवून घेतली जात होती.

ग्रंथातील पारिभाषिक शब्दांचे वर्गीकरण केले असता दोन दालने स्पष्ट होतात.

पहिल्या दालनात कथा, भक्ती आणि परलोक यांचे शब्द येतात. देव, परमेश्वर, देवबाप, स्वामी, भक्त, पाप, पुण्य, मुक्ती, वैकुंठ, यमपुरी ही शब्दसंपदा ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंतच्या वाचकाला घरची वाटावी अशी आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आणि नरकासाठी ‘यमपुरी’ ही योजना विशेष धीट होय. वैकुंठ हे विष्णूचे स्थान आहे. ते एखादे निर्गुण, तटस्थ नाम नव्हे. तरीही स्टीफन्स ते नाम ख्रिस्ताच्या पित्याच्या निवासासाठी सहजपणे वापरतात.

दुसऱ्या दालनात संस्कार, अधिकार आणि धर्मसंस्था यांचे शब्द येतात. पाद्री, इग्रेज, बाप्तिस्म, साक्रामेंत, स्पिरितु सांतु, क्रुस हे शब्द पोर्तुगीज किंवा लॅटिन रूपातच, मराठी विभक्तिप्रत्यय लावून, ओवीत येतात. येशूचे नावही ‘जेजू’ असे पोर्तुगीज उच्चारानुसारच येते.

या द्विभाजनाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की, दुसऱ्या दालनातील संकल्पना मराठीस अपरिचित होत्या, म्हणून त्यांना प्रतिशब्द सापडला नाही. हे स्पष्टीकरण तपासून पाहता टिकत नाही. स्नान, संस्कार, प्रसाद, गुरू, देऊळ हे शब्द मराठीत होतेच. बाप्तिस्म्याला ‘स्नान’ म्हणण्यात जितका अर्थभेद आहे, त्याहून कितीतरी अधिक अर्थभेद स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यात आहे. अधिक धोक्याचा प्रतिशब्द स्वीकारला गेला आणि कमी धोक्याचा टाळला गेला, ही विसंगती भाषिक दारिद्र्याने उलगडत नाही.

दुसरे स्पष्टीकरण ईश्वरशास्त्रीय सावधगिरीचे आहे. त्यास जपानचा दाखला जोडता येतो. झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले, तेव्हा त्यांनी परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा बौद्ध शब्द वापरला. त्याचा खरा अर्थ कळल्यावर तो टाकून त्यांनी ‘देउसु’ हे लॅटिन नामाचे जपानी रूप स्वीकारले. देशी शब्दामागे देशी दैवत दडलेले असते, हा धडा संघाला तेव्हाच मिळाला होता. पण या धड्याचा अर्थ लावायचा, तर तो सर्वप्रथम ‘वैकुंठ’ शब्दाला लागू व्हायला हवा होता. तसे झाले नाही.

तेव्हा निवडीचे तत्त्व अन्यत्र शोधावे लागते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५-६३) प्रॉटेस्टंट मतांच्या खंडनार्थ सात संस्कारांची व्याख्या, संख्या आणि विधी काटेकोरपणे निश्चित केले. सोळाव्या शतकातील युरोपात ज्या शब्दांवरून पंथ फुटले, ते शब्द संस्कारांचे व अधिकाराचे होते. त्यामुळे त्यांच्यावर सर्वाधिक पहारा होता. इंग्लंडमधून आलेल्या कॅथलिक धर्मगुरूस या पहाऱ्याची जाणीव नसणे संभवत नाही. ‘वैकुंठ’ या शब्दावरून लिस्बन वा रोममध्ये वाद झालेला नव्हता. ‘साक्रामेंत’ या शब्दावरून मात्र युरोप दुभंगला होता. जेथे संस्थेचे लक्ष नव्हते, तेथे कवीला मोकळीक मिळाली, असा निष्कर्ष यातून निघतो.

याला वाचकांच्या बाजूचीही एक पुष्टी आहे. १५६० ते १६१६ या सुमारे साडेपाच दशकांत साष्टीतील नवख्रिस्ती समाजाने इग्रेज, पाद्री आणि बाप्तिस्म प्रत्यक्ष पाहिले-अनुभवले होते व त्यांची नावेही त्यांच्या तोंडी बसली होती. वैकुंठ मात्र कोणी पाहिले नव्हते. संस्था आधी आली आणि आपले शब्द घेऊन आली. काव्य नंतर आले आणि उरलेल्या जागेत त्याने आपले शब्द मांडले.

४. ‘देवचार’ : उलट दिशेचा प्रवास

पहिल्या दालनातील सर्वच शब्दांना सन्मान मिळाला, असे मात्र नाही. सैतान आणि त्याचे अनुचर यांच्यासाठी ‘देवचार’ हा शब्द आला आहे. गोवा आणि दक्षिण कोकणातील लोकधर्मात देवचार हा गावाच्या वेशीवरचा, रानवाटेवरचा रक्षणकर्ता समजला जातो. चुकल्यास तो कोपतो, परंतु वाट चुकलेल्याला घरीही पोहोचवितो. ‘ख्रिस्तपुराणा’त आणि एकूणच ख्रिस्ती कोकणीत हा शब्द निव्वळ दुष्ट शक्तीचा वाचक ठरला.

‘वैकुंठ’ आणि ‘देवचार’ ही जोडी एकत्र पाहिली, म्हणजे निवडीमागील सामाजिक दृष्टी उघड होते. अभिजन, ग्रंथस्थ, संस्कृतप्रचुर परंपरेतील शब्दाला बढती मिळते. ग्रामीण, अलिखित लोकधर्मातील शब्दाची पदावनती होते. या ग्रंथाचा अपेक्षित श्रोता कोण, हेही यातून सूचित होते. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? संपूर्ण ग्रंथ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेत उत्तर दिले गेले; ज्याला प्रश्न विचारण्याची संधीच नव्हती, त्याच्या रानवाटेवरच्या रक्षकाचा सैतान झाला.

‘ख्रिस्तपुराणा’ची समन्वयवादी ग्रंथ म्हणून जी स्तुती होते, तिला ही मर्यादा घालणे आवश्यक आहे. ग्रंथाने वैकुंठाचे नाव राखले हे खरे. पण ज्या ग्रंथांतून ते नाव आले, ते वाचण्याची मुभा श्रोत्याला राहिली नव्हती, हेही तितकेच खरे. काव्यगुणांची थोरवी या वस्तुस्थितीने उणावत नाही, परंतु ‘समन्वय’ हा शब्द मात्र अपुरा ठरतो.

५. रोमन पाठ आणि देवनागरी पाठ

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पहिल्या आवृत्तीचे शीर्षक पोर्तुगीज होते व त्यात ‘प्रवचन’ या अर्थाचा शब्द होता. ‘पुराण’ हे नाव ग्रंथाला पुढे चिकटले. म्हणजे ग्रंथाचे नावच या द्विभाजनाचे पहिले उदाहरण ठरते.

मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये रोमन लिपीत आवृत्ती काढली. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितांकडे लक्ष वेधले. या पाठात दोन्ही भागांस ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ अशी नावे असून, रोमन पाठातील अनेक पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागी संस्कृत-मराठी संज्ञा आहेत. ॲबट यांनी देवनागरी पाठ मूळचा मानला. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांना हे मत मान्य झाले नाही. पुढे शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. सेलेशियन संघाचे नेल्सन फलकाव यांनीही या ग्रंथाचा विस्तृत अभ्यास केला आहे.

कोणता पाठ आधीचा, हा वाद प्रस्तुत विवेचनापुरता गौण आहे. देवनागरी पाठ आधीचा असेल, तर स्टीफन्स यांनी संस्कारांच्या शब्दांचेही मराठीकरण केले होते आणि छपाईच्या परवानगीच्या टप्प्यावर ते मागे घ्यावे लागले, असे म्हणावे लागेल. तो नंतरचा असेल, तर छपाईच्या पहाऱ्याबाहेर, हस्तलिखिताच्या मोकळ्या वातावरणात, कोणा अज्ञात लेखकाने ते मराठीकरण पूर्ण केले, असे ठरेल. दोन्ही पक्षी एकच गोष्ट सिद्ध होते : प्रतिशब्द उपलब्ध होते, छापील ग्रंथात ते वापरण्याची मुभा नव्हती.

ही मुभा पुढे आणखी आकसली. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेज्विटाचे संत पीटरच्या जीवनावरील ओवीबद्ध ‘पेद्रूपुराण’ १६२९ मध्ये आले. म्हणजे परंपरा काही काळ चालू राहिली. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या फर्मानाने स्थानिकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम निघाला. १७४४ मध्ये रोमने मलबारी विधींच्या वादात जेज्विटांच्या अनुकूलन-पद्धतीविरुद्ध अंतिम निर्णय दिला. १७५९ मध्ये पोर्तुगीज प्रदेशांतून जेज्विटांची हकालपट्टी झाली आणि १७७३ मध्ये पोपनेच संघ विसर्जित केला. १८१४ मध्ये तो पुन्हा प्रस्थापित होईपर्यंत त्याची मराठी परंपरा खंडित झाली होती.

६. कोर्लई : शेजारचा पडताळा

या विवेचनाचा पडताळा रायगड जिल्ह्यातच घेता येतो. पेण तालुक्यातील जिते परिसरातून अलिबागमार्गे दक्षिणेस गेल्यास चौल-रेवदंड्याच्या कोटात निरनिराळ्या धर्मसंघांच्या चर्चवास्तूंचे अवशेष दिसतात. कुंडलिका खाडीच्या पलीकडे, मुरूड तालुक्यात, कोर्लई आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेले, पोर्तुगीज निघून गेले. परंतु कोर्लईतील ख्रिस्ती समाजाची पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली टिकून राहिली. भाषावैज्ञानिक क्लान्सी क्लेमेंट्स यांच्या अभ्यासामुळे ही बोली अभ्यासकांना परिचित झाली आहे. १९६० च्या दशकापर्यंत चर्चमधील उपासनेत पोर्तुगीजचा वापर होता. नंतर तेथे मराठी आली.

साष्टी आणि कोर्लई यांतील फरक बोलका आहे. कोर्लईत धर्माचा शब्द आणि घरचा शब्द एकाच भाषेतून आले, त्यामुळे तेथे प्रतिशब्दाची निकडच निर्माण झाली नाही आणि पुराणही निर्माण झाले नाही. साष्टीत घरची भाषा जिवंत होती आणि धर्मसंस्थेची भाषा वेगळी होती. या दोहोंच्या ताणातून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मास आले. दोन दालनांतील अंतर हे या काव्याचे वैगुण्य आहे, तसेच त्याच्या निर्मितीचे कारणही आहे.

७. उत्तरकालीन परिभाषा

एकोणिसाव्या शतकात परिभाषेचा हाच प्रश्न प्रॉटेस्टंट भाषांतरकारांपुढे उभा राहिला. विल्यम कॅरे यांनी वैजनाथ शास्त्री यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले मत्तयाचे शुभवर्तमान श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. रूढ झालेल्या प्रॉटेस्टंट मराठी बायबलमध्ये ‘क्रूस’ ऐवजी ‘वधस्तंभ’ आला, ‘तारण’ आणि ‘सुवार्ता’ स्थिरावले. ‘बाप्तिस्मा’ मात्र तसाच राहिला. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या, १९२४ मध्ये त्यांच्या निधनानंतर पूर्ण प्रसिद्ध झालेल्या, भाषांतरात पंडिती शब्दांऐवजी सामान्य स्त्रियांस कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. वैकुंठाचा मार्ग त्यांनी जाणीवपूर्वक टाळला. ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायना’त पुन्हा ओवीची वाट धरली, त्यांच्या १९१९ मधील निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ते काव्य पूर्णत्वास नेले.

कॅथलिक परंपरेत दुसऱ्या दालनाचे दार उघडण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची (१९६२-६५) वाट पाहावी लागली. लोकभाषेतील उपासनेस मान्यता मिळाल्यावर ‘स्नानसंस्कार’, ‘ख्रिस्तप्रसाद’, ‘पवित्र आत्मा’, ‘धर्मग्राम’, ‘धर्मभगिनी’ हे शब्द मराठी कॅथलिकांच्या, विशेषतः वसईच्या, नित्य वापरात आले. स्टीफन्स यांना जे शब्द छापता आले नाहीत, ते साडेतीन शतकांनंतर पूजाविधीत उच्चारले जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) हा या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय. दिब्रिटो (निधन २०२४) कोणत्याही धर्मसंघाचे सदस्य नव्हते. ते वसईचे, स्वभाषिक समाजात वाढलेले धर्मप्रांतीय धर्मगुरू होते. परिभाषेची सूत्रे परदेशातून आलेल्या संघाकडून घरच्या माणसाकडे आली, हा या घटनेचा खरा अर्थ आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. ‘ख्रिस्तपुराणा’तील परिभाषा एकसंध नाही, भक्ती व परलोक यांचे शब्द मराठी, तर संस्कार व अधिकार यांचे शब्द पोर्तुगीज-लॅटिन, अशी तिची विभागणी आहे. या विभागणीचे कारण मराठीच्या शब्दसंपदेत शोधणे योग्य नाही. ते ट्रेंटोत्तर धर्मसंस्थेच्या नियंत्रणात आहे. मराठी शब्दांच्या स्वीकारातही अभिजन आणि लोकधर्म यांत भेद झाला आहे. तसेच प्रतिशब्द उपलब्ध असूनही ते वापरात येण्यासाठी धर्मसंस्थेच्या धोरणात बदल व्हावा लागला.

मराठीच्या स्तुतीच्या ओव्या अभ्यासक्रमात राहाव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांच्यासोबत या ग्रंथातील शब्दांची ही फाळणीही विद्यार्थ्यांपुढे यावयास हवी. एखाद्या भाषेचा गौरव करणे आणि त्या भाषेला अधिकाराचे शब्द घडविण्याचा हक्क देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्टीफन्स यांनी पहिली गोष्ट मनःपूर्वक केली. दुसरी त्यांच्या हाती नव्हती. न्यायालय, प्रशासन आणि उच्च शिक्षण यांतील मराठीच्या आजच्या स्थितीकडे पाहता हा भेद सतराव्या शतकापुरता मर्यादित राहिलेला नाही, हे मान्य करावे लागते.